अठ्ठेचाळीस इंची हट्ट

ताडपत्रीच्या धंद्यात गिऱ्हाईक नेहमी मापापेक्षा मोठंच मागतं. ट्रकला मोठी, कांद्याच्या ढिगाला मोठी, मांडवाला तर विचारूच नका. जास्तीचं कापड दुमडून जातं, कुणाचं काही बिघडत नाही. (पहिला पाऊस पडल्यावरच सोलापूरकराला ताडपत्री आठवते, ते दुखणं वेगळं.) त्यामुळे ओळखीच्या एका व्यापाऱ्याने बोटीसाठी ड्रिफ्ट सॉक, म्हणजे वाहत्या बोटीचा वेग कमी करणारं कापडी नरसाळं, शिवायला सांगितला, तेव्हा भांडण मापावरून होईल असं वाटलं नव्हतं.

साहेबांचं दुकान भुसारचं, नाद मासेमारीचा. उजनीच्या फुगवट्यावर त्यांची चौदा फुटी फायबरची बोट असते. इंजिन बंद करायचं, बोट वाऱ्यावर आडवी वाहू द्यायची आणि दोन टोकांना बसून गळ टाकायचे. वारा वाढला की बोट पळते, आमिष तळावरून उचललं जातं आणि मासा खालीच राहतो. नांगर टाकला तर एकाच जागी बसावं लागतं. शिवाय तळाशी बुडालेल्या गावांच्या भिंती आणि बाभळीची खोडं आहेत. त्यात नांगर अडकला की दोर कापूनच सुटका. म्हणून वाऱ्याकडच्या बाजूने पाण्यात हे कापडी नरसाळं सोडतात. ते पाण्याने फुगतं आणि बोटीला मागे ओढून धरतं.

साहेबांनी ऑनलाइन मागवलेला नमुना टेबलावर टाकला. तोंडाचा व्यास 48 इंच. आमच्या शिलाईच्या आण्णांनी तो उलटा केला आणि तोंड वाकडं केलं. एकेरी टाका, आणि निवारीच्या पट्ट्या फक्त तोंडापाशी चार बोटं टाचलेल्या. म्हणजे सगळी ओढ कापडावर. आण्णा पट्टी तोंडापासून शेपटापर्यंत सलग नेतात, कळ्यांच्या जोडावरूनच. ओढ निवार घेते, कापडाने फक्त पाणी अडवायचं. कापड आम्ही नायलॉनचं घेतलं. कॅनव्हास पाणी पितो, जड होतो आणि ओला गुंडाळून ठेवला की कुजतो. पीव्हीसीचा ताठपणा ट्रकवर ठीक, पाण्यात ते पटकन फुगत नाही. तोंडाच्या वरच्या काठाला जाळ्याचा फ्लोट आणि खालच्या काठाला शिसं, म्हणजे तोंड उघडं राहतं. शेपटाच्या भोकाला नाडी. भोक लहान-मोठं करून ओढ कमी-जास्त करता येते. चारही पट्ट्या एका स्विव्हलला, म्हणजे गोल फिरणाऱ्या कडीला, नाहीतर नरसाळं गरगरतं आणि दोराला पीळ बसतो. आणि शेपटाला एक वेगळी दोरी, तिचं दुसरं टोक बोटीत. ती ओढली की नरसाळं उलटं होऊन रिकामं होतं. भरलेलं नरसाळं तोंडाकडून ओढून बघा, खांदे निखळतील.

मी सुचवलं, एक 48 इंची नको, 30 इंची दोन घ्या. एक पुढच्या खुंटीला, एक मागच्या. साहेबांना ते काटकसरीचं वाटलं. मी पाठकोऱ्या बिलावर हिशेब मांडला. तिशीच्या दोन तोंडांचं क्षेत्रफळ सुमारे 1410 चौरस इंच, अठ्ठेचाळिसाच्या एकाचं 1810. पण पाण्याची ओढ वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणून वाहण्याचा वेग निम्मा करायचा तर पाणी अडवणारं एकूण क्षेत्रफळ चौपट करावं लागतं. चारशे इंच जास्त घेऊन वेगात नावापुरता फरक पडतो, आणि सगळा भार मात्र एका खुंटीवर. साहेब म्हणाले, "हिशेब बरोबर असेल हो, पण मोठं ते मोठं."

मग सगळा माल घेऊन आम्ही टेंभुर्णीच्या बाजूने पाण्यावर गेलो. बोट चालवायला तिथलेच एक तात्या होते. जाळी लावणारे, चिलापी विकणारे. नुसती बोट मोबाइलवर ताशी अडीच किलोमीटर दाखवत होती. दोन तिशी सोडल्यावर दीडवर आली आणि आडवी, सरळ राहिली. साहेबांच्या पुढच्याच फेरीत गळाला चिलापी लागली. तरीही जेवण झाल्यावर त्यांनी मधल्या खुंटीला अठ्ठेचाळीस बांधलाच.

तोवर पश्चिमेचा वारा उठला होता. मे 2024 मध्ये याच पाण्यावर कुगावहून कळाशीला निघालेली बोट वादळात उलटून सहा जण गेले, हे त्या भागात कुणाला सांगावं लागत नाही. साहेबांनी मात्र लाइफ जॅकेट बुडाखाली गादीसारखं घेतलं होतं. आण्णांनी सकाळीच अंगात घातलं होतं आणि सगळे त्यांना हसले होते. वाऱ्याचा एक झपाटा आला. बोट वाऱ्याबरोबर जायला बघते आणि नरसाळं सोडत नाही, अशा वेळी वाऱ्याकडचा काठ खाली दबतो. लाटाही त्याच बाजूने येतात. पाणी काठावरून आत आलं आणि खुंटीचा एक स्क्रू बाहेर डोकावला. साहेब तोंडाकडचा दोर ओढत होते, तो इंचभर हलेना. तात्यांनी त्यांना बाजूला सारून शेपटाची दोरी दोन हातांनी ओढली. नरसाळं कोसळलं, बोट सुटली. तात्या एवढंच म्हणाले, "असला वारा सुटल्यावर आडवं ऱ्हायचं न्हाय साहेब, तोंड वाऱ्यात द्यायचं."

मला वाटलं, विषय संपला. दुसऱ्या आठवड्यात साहेब दुकानात आले. तिशीची जोडी आवडली म्हणाले, पैसे रोख दिले आणि वर ऑर्डर: तुमच्या शिलाईत अठ्ठेचाळीस इंची एक करा. "खुंटी मी जाड बसवून घेतो. आणि ती मागची दोरी काढून टाका, गळात गुंतते."

मोठा शिवायला माझी हरकत नाही. मंद वाऱ्यात, भोक मोकळं ठेवून तो चालतो. दोरीला मात्र मी नाही म्हटलं. साहेब म्हणाले, कापड माझं, पैसे माझे, बोट माझी. धंद्याच्या भाषेत त्यांचं चुकत नाही. मांडववाल्याने आयलेट, म्हणजे दोर ओवायच्या कड्या, कमी मारायला सांगितले तर मी कमीच मारतो, पुढे मांडव फाटला तर तो आणि त्याचं नशीब. मग इथेच का अडलो, याचं उत्तर मला अजून नीट देता येत नाही. दोरी कापायला त्यांना घरची कात्री पुरेल, हेही मला कळतं. आण्णांनी त्यावर त्यांचा तोडगा काढलाय. दोरी पिवळीजर्द, बोटाएवढी जाड घेतली आणि तिचं टोक चारही निवारींच्या जोडात आतून शिवून टाकलं. वरून आडवे टाके. आता ती काढायची तर शेपूटच उसवावं लागेल. साहेब शनिवारी न्यायला येणार आहेत. पैसे अजून घेतलेले नाहीत.