खान्देशच्या उन्हात कोणता स्पार्क प्लग? माझा अनुभव

"आपल्याकडचं ऊन बघा भाऊ, नेहमीपेक्षा एक आकडा थंडा प्लग टाका. इंजिन तापणार नाही." थंडा प्लग म्हणजे टोकाची उष्णता लवकर सोडून देणारा. धुळ्यातल्या एका स्पेअरच्या दुकानात मला हा सल्ला मिळाला, आणि देणारा अगदी मनापासून सांगत होता. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा हे कुणालाही पटेल. मी तो प्लग घेतला नाही. का, आणि शेवटी कोणता घेतला, ते सविस्तर लिहितो. आपल्या भागात पेट्रोल गाडीला मागून सीएनजी किट बसवलेले खूप जण आहेत, त्यांना हे कामाला येईल.

माझी गाडीही तशीच. चार सिलिंडरची, किटची नोंद आरसीवर केलेली. संभाजीनगरला जाताना चाळीसगाव मागे टाकून कन्नडचा घाट सुरू झाला की तिसऱ्या गिअरमध्ये झटके मारायची. पेट्रोलवर घेतली की गुमान चढायची. किटवाला म्हणाला फिल्टर बदला, पंपावरचा मुलगा म्हणाला इंजेक्टर साफ करा. आमचे नेहमीचे गॅरेजवाले आप्पा एवढंच म्हणाले, "आधी इंजिन थंड व्हऊ दे भाऊ, मंग खोलसूत."

त्यांनी स्कॅनर लावला तर पी-०३०२ हा कोड आला, म्हणजे दोन नंबरच्या सिलिंडरमध्ये मिसिंग, तिथे इंधन नीट पेटत नाही. आता दोष प्लगला वीज पुरवणाऱ्या कॉइलचा की प्लगचाच? आप्पांनी दोन आणि तीन नंबरच्या कॉइलची अदलाबदल केली, कोड पुसला आणि गाडी सीएनजीवर फिरवून आणायला लावली. कोड पुन्हा दोनवरच आला. कॉइल बिघडलेली असती तर कोड तिच्याबरोबर तीनवर गेला असता. नवीन कॉइलचा खर्च तिथेच वाचला. कुणी थेट कॉइल बदला म्हणालं तर आधी ही अदलाबदल करून मागा.

मग चारही प्लग काढून फडक्यावर क्रमाने मांडले. रंग चौघांचाही फिकट तपकिरी होता, म्हणजे जळण बरोबर. पण दोन नंबरच्या मधल्या इलेक्ट्रोडच्या कडा गोल झाल्या होत्या आणि फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लावलं तर गॅप, म्हणजे ठिणगी पडते ती फट, १.४ मिमी. मॅन्युअलमध्ये १.१ दिलाय. बाकीचे तीनही १.२ ते १.३ पर्यंत गेलेले. सीएनजीची सगळी गोष्ट इथेच आहे. गॅसचं मिश्रण पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं. घाटात ॲक्सिलरेटर दाबला की सिलिंडरमधला दाब वाढतो आणि व्होल्टेजची गरज आणखी वाढते. झिजलेला प्लग पेट्रोलवर चालून जातो, गॅसवर चढावाला मात्र ठिणगी चुकते.

प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर, लोखंडी भागाच्या अगदी वर, तपकिरी कडं दिसलं तर घाबरू नका. पुष्कळ जण त्याला गॅस लीक समजतात. जास्त व्होल्टेजमुळे हवेतले तेलाचे कण तिथे चिकटतात, एवढंच. तडा मात्र नीट बघा. केसाएवढा असला तरी प्लग बाद.

जुन्या प्लगवर आणि मॅन्युअलमध्ये एकच नंबर होता : बीकेआर६ई-११. एनजीके या प्लग कंपनीच्या पद्धतीत हा नंबर असा वाचायचा. बी म्हणजे १४ मिमीचे आटे, के म्हणजे १६ मिमीचा पाना, आर म्हणजे आत रेझिस्टर, ई म्हणजे आट्यांची लांबी १९ मिमी आणि ११ म्हणजे गॅप १.१ मिमी. लांबीत तडजोड नाहीच. लांब प्लग पिस्टनला ठोकर देऊ शकतो आणि आखूड बसवला तर हेडचे (इंजिनच्या वरच्या, प्लग बसतो त्या भागाचे) रिकामे आटे कार्बनने भरतात. रेझिस्टर नसलेला प्लग रेडिओत आणि ईसीयूच्या (इंजिनच्या कॉम्प्युटरच्या) सिग्नलमध्ये खरखर आणतो.

राहिला ६. ही हीट रेंज, आणि दुकानदाराला मला ७ द्यायचा होता. थंड-गरम प्लग म्हणजे टोकाची उष्णता हेडकडे किती लवकर वाहून जाते, ते. टोक साधारण ४५० ते ५०० अंशांच्या वर गेलं की त्यावरचा कार्बन आपोआप जळतो. ८५० च्या पुढे गेलं तर ठिणगीआधीच मिश्रण पेटण्याचा धोका. सिलिंडरमधली ज्योत २००० अंशांच्या वर असते, त्यापुढे बाहेर २५ अंश की ४५, याने प्लगला फारसा फरक पडत नाही. इंजिनचं पाणी तर थर्मोस्टॅट आणि पंखा उन्हाळा-हिवाळा जवळपास एकाच तापमानाला धरून ठेवतात. उलट माझी गाडी रोज देवपुरातून पांझरेचा पूल ओलांडून आग्रा रोडपर्यंत, एवढीच पळते. इतक्या छोट्या फेऱ्यांत ७ नंबरचं टोक पुरेसं तापणारच नाही आणि काजळी धरेल. उन्हाळ्यात इंजिन तापत असेल तर रेडिएटर, कूलंट, पंखा बघावा. त्यावर प्लग हा इलाज नाही.

कंपनी बदलताना अजून सांभाळा. एनजीके आणि डेन्सोमध्ये आकडा वाढला की प्लग थंड, बॉश आणि चॅम्पियनमध्ये आकडा वाढला की गरम. एनजीकेचा ६ म्हणजे डेन्सोचा २०. अंदाजाने आकडे जुळवू नका, कंपनीचा तक्ता बघा.

निकेल की इरिडियम यावर मी बराच विचार केला. इरिडियम किमतीला तिप्पट-चौपट, आणि त्याने ताकद वाढते किंवा ॲव्हरेज उसळी मारतं हे मला मान्य नाही. पण त्याचं मधलं टोक ०.६ मिमीचं, साध्याचं साधारण २.५ मिमी. बारीक टोकावरून ठिणगी कमी व्होल्टेजला उडते, आणि इरिडियम २४४६ अंशांना वितळतं, त्यामुळे झीज फार कमी. गॅसवर नेमकं हेच पाहिजे. निव्वळ पेट्रोलची, कमी फिरणारी गाडी असती तर मी साधाच घेतला असता.

गॅसला गॅप थोडा कमी चांगला, पण इरिडियमचा गॅप ठोकून कमी करायला जाऊ नये, टोक तुटतं. मग बॉक्स चाळताना सापडलं की याच जातीचा बीकेआर६ईआयएक्स, शेवटी ११ नसलेला, कारखान्यातूनच ०.८ मिमी गॅपचा येतो. किटवाल्याला विचारलं, त्यालाही तो आकडा बरोबर वाटला. तोच घेतला, पक्क्या बिलासह. नकली माल फार आहे. अस्सल प्लगवरचा वॉशर सहजासहजी निघत नाही, तेवढं दुकानातच बोटाने ओढून बघा.

बसवताना आप्पांनी आधी प्लग बसतो त्या खोल विहिरीतली धूळ हवेने उडवली, नाहीतर ती सिलिंडरमध्ये जाते. मग प्लग नुसत्या हाताने, रॅचेट न लावता, वॉशर टेकेपर्यंत फिरवला आणि टॉर्क पाना (ठरवलेल्या जोराला टिचकी देणारा पाना) २५ न्यूटन मीटरवर लावून एक टिचकी. टॉर्क पाना नसेल तर नव्या प्लगला वॉशर टेकल्यावर अर्धा ते दोन तृतीयांश फेरा पुरे. ॲल्युमिनियमच्या हेडचे आटे गेले तर प्लगच्या कितीतरी पट खर्च बसतो.

घाटातले झटके गेले, कोड परत आला नाही. ॲव्हरेज होतं तेवढंच आहे. इरिडियम पेट्रोलवर साध्यापेक्षा जास्त टिकतो म्हणतात, पण गॅसवर मी त्यावर विसंबणार नाही. २० हजारांना एक प्लग काढून गेज लावायचं ठरवलंय, आणि तो दोन नंबरचाच असेल.