ग्रंथालयसेवकांचे बालवाचन प्रशिक्षण : एका अर्जाचे साडेचार महिने

आमच्या ग्रंथालयात तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी आठवड्यातून दोन दिवस गोष्टींचा तास भरतो. हे कसे जमवले, असे विचारणाऱ्यांना पुस्तकांविषयी आणि मुलांविषयी ऐकायचे असते. मला मात्र सर्वांत आधी आठवतो तो एक अर्ज. १२ जूनला मी तो एका कार्यालयात स्वतः नेऊन दिला आणि त्याचे उत्तर २९ ऑक्टोबरला हातात पडले. मधल्या काळात मुले ग्रंथालयात येतच होती आणि त्यांच्यासमोर पुस्तक उघडून नेमके काय करायचे, हे आम्हा तिघा सेवकांपैकी एकालाही कोणी शिकवलेले नव्हते.

आमचे ग्रंथालय कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावात आहे. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली मान्यता मिळालेले, 'ब' वर्गाचे. ग्रंथपाल मी, देवघेव सांभाळणाऱ्या एक ताई आणि एक शिपाईकाका, एवढाच कर्मचारीवर्ग आहे. बालविभागात पुस्तके भरपूर, पण जवळजवळ सगळी वाचता येणाऱ्या मुलांसाठी. संध्याकाळी आज्या मासिके बदलायला येतात आणि त्यांच्या पदराला धरून चार वर्षांची नातवंडे येतात. ती मुले चित्रे पाहतात, पाने उलटतात आणि कंटाळून रडू लागतात. दुसरीकडे, दुसरी-तिसरीतली काही मुले एकेक अक्षर बरोबर ओळखतात, पण वाक्य संपेपर्यंत त्याची सुरुवात विसरतात. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे, हे मला ग्रंथालयशास्त्राच्या वर्गात कोणी सांगितले नव्हते. तिथे मी वर्गीकरण, तालिकीकरण आणि दाखल नोंदवही शिकले. मूल अक्षरे ओळखण्याच्या कितीतरी आधीपासून ऐकून, बोलून, तालावर म्हणून आणि पुस्तक हाताळून वाचनाची तयारी करत असते, हे मला फार उशिरा कळले.

त्याच सुमारास तालुक्यात अंगणवाडी सेविकांसाठी पाच दिवसांचे प्रशिक्षण होणार असल्याचे समजले. ते एक स्वयंसेवी संस्था घेणार होती. संस्थेच्या प्रशिक्षक बाईंना मी फोन केला, तेव्हा त्या आनंदाने म्हणाल्या, "तुम्ही तिघेही या, दोन सतरंज्या जास्त घालू." फक्त सभागृह सरकारी होते आणि प्रशिक्षणार्थींची यादी कार्यालयातून मंजूर होऊन येत असे. म्हणून त्या यादीत आमची नावे घालण्याची विनंती मी लेखी केली. अर्ज एका पानाचा होता. सोबत राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मधील दुसऱ्या प्रकरणाच्या प्रती जोडल्या, कारण पायाभूत साक्षरतेच्या त्या प्रकरणात सार्वजनिक ग्रंथालयांचा विस्तार करण्याविषयी स्पष्ट लिहिलेले आहे. एवढे पुरेसे होईल, असे मला मनापासून वाटले होते.

अर्ज घेणाऱ्या लिपिकांनी तो वाचला आणि छापील नमुना पुढे केला. त्यात 'पदनाम' या रकान्याखाली चार पर्याय होते : अंगणवाडी सेविका, मदतनीस, मुख्य सेविका आणि शिक्षक. "यात तुम्ही कुठे बसता, मॅडम?" त्यांनी विचारले. मी म्हटले, "इतर असे लिहून ग्रंथालय कर्मचारी लिहा." ते म्हणाले, "इतर हा रकानाच नाही. साहेबांना विचारून कळवतो." मी त्यांच्या शब्दावर विसंबून घरी आले आणि तिथेच माझी मोठी चूक झाली. मी अर्जाच्या माझ्याकडील प्रतीवर आवक क्रमांक घेतला नाही. तीन आठवड्यांनी चौकशीला गेले, तेव्हा तो अर्ज कोणत्या टेबलावर आहे हे कोणालाच सांगता येईना आणि तो मी दिला होता याचा पुरावा माझ्याकडे नव्हता. कोणत्याही कार्यालयात कागद द्याल, तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का, दिनांक आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय तिथून हलू नका.

दुसरा अर्ज जुलैच्या पहिल्या आठवड्यात दिला, या वेळी पोच घेऊन. त्याचे उत्तर महिनाभराने आले : "सदर विषय या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही, तरी संबंधित विभागाशी संपर्क साधावा." संबंधित विभाग कोणता, हे लिहिलेले नव्हते. मी ग्रंथालयांशी संबंधित दुसऱ्या कार्यालयात गेले. तिथे आस्थेने ऐकून घेतले, चहा दिला आणि सांगितले की बालशिक्षण हा विषय त्यांच्याकडे नाही. त्या दिवशी एसटीने परतताना मी वहीत मांडणी करून पाहिली. सार्वजनिक ग्रंथालये उच्च व तंत्र शिक्षण विभागाकडे, अंगणवाड्या महिला व बालविकास विभागाकडे, पहिलीपासूनची शाळा शालेय शिक्षण विभागाकडे. पुस्तक एका विभागाचे, मूल दुसऱ्याचे आणि वाचन तिसऱ्याचे. चार वर्षांचे मूल ग्रंथालयात पुस्तक उघडून बसते, तेव्हा ते या तिन्ही विभागांच्या सीमेवर बसलेले असते आणि त्याच्या शेजारी बसणाऱ्या सेवकासाठी एकाही नमुन्यात रकाना नसतो. मला राग आला तो माणसांचा नव्हे. भेटलेली बहुतेक माणसे सौजन्याने वागली. ज्या कामाची गरज प्रत्येक जण तोंडाने मान्य करत होता, त्याच कामाला कागदावर जागा नव्हती, हे मला सहन होत नव्हते.

ऑगस्टमध्ये मी पुन्हा पहिल्या कार्यालयात गेले. या वेळी नस्ती, म्हणजे अर्जाची फाइल, वर गेली आणि शेरा पडून परत आली : संस्थेच्या कार्यकारी मंडळाचा ठराव जोडावा. मंडळाची सभा महिन्यातून एकदा होते, म्हणून सप्टेंबर उजाडला. ठराव झाला, जोडला, दिला. त्यावर पुन्हा शेरा आला आणि साऱ्या प्रकरणातला हा मुद्दा मी कधी विसरणार नाही. ठरावात आम्ही लिहिले होते : "तीन ते सहा वयोगटातील बालकांना पूर्ववाचन कौशल्ये शिकवण्यासाठी ग्रंथालयसेवकांना प्रशिक्षण मिळावे." 'शिकवण्यासाठी' या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ होती आणि समासात प्रश्न होता : "शिकवण्यासाठी आवश्यक अर्हता आहे काय?" म्हणजे आम्ही शिकवणार असू, तर आमच्याकडे शिक्षकाची पदविका हवी. पदविका नसेल, तर आम्ही शिकवू शकत नाही, आणि शिकवत नसू, तर प्रशिक्षण कशाला?

मी साहेबांना भेटून सांगितले की आम्ही बाराखडी गिरवून घेणार नाही. आम्ही मुलाला मांडीशी बसवून चित्रपुस्तक मोठ्याने वाचू, त्याच्याशी त्यावर बोलू, टाळ्या वाजवून शब्द फोडून दाखवू. हे शिकवणेच आहे आणि ते करणाऱ्याला नीट शिकवले नाही, तर तो मुलांवर अक्षरे लादतो. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत बालशिक्षणाचे काम उभे केले, त्यात शाळेच्या भिंतींची वाट पाहिली नव्हती, मुले जिथे होती तिथे शिक्षण नेले होते, हेही मी बोलले. साहेबांनी शांतपणे ऐकले. "तुमचे बरोबर आहे, ताई, पण मी सही करतो ती शब्दांवर," ते म्हणाले.

हे वाक्य घेऊन मी परतले आणि दोन दिवस अस्वस्थ होते. मग मंडळाच्या अध्यक्षांनी सुचवल्याप्रमाणे ठरावातला तो शब्द बदलला : "बालवाचकांसाठी वाचन-उपक्रम राबवण्याच्या दृष्टीने ग्रंथालयसेवकांचे उद्बोधन व्हावे." काम तेच, माणसे तीच, पाच दिवस तेच. नवा ठराव २० ऑक्टोबरला दिला आणि नवव्या दिवशी पत्र मिळाले. मला दिलासा वाटला, हे खोटे नाही. तरीही जे काम मी अभिमानाने करू पाहत होते, त्याचे खरे नाव खोडावे लागले, याची खंत अजून आहे.

इथेच एक गोष्ट सांगून ठेवते, कारण मला ती ऑक्टोबरमध्ये कळली आणि जुलैमध्ये कळायला हवी होती. बदल्यांचे विनियमन आणि शासकीय कामातील विलंबास प्रतिबंध करण्यासाठी महाराष्ट्रात २००५ चा अधिनियम आहे आणि त्यानुसार कोणतीही नस्ती एका कर्मचाऱ्याकडे सर्वसाधारणपणे कामकाजाच्या सात दिवसांहून जास्त पडून राहू नये. स्मरणपत्रात मी त्याचा नम्र शब्दांत उल्लेख केला, त्यानंतर नस्ती हलण्याचा वेग वाढला. भांडणाच्या सुरात लिहू नका. अधिनियमाचे नाव, आवक क्रमांक आणि अर्जाचा दिनांक एवढेच लिहा.

जूनचे प्रशिक्षण अर्थातच आमच्याविना झाले होते. आम्हाला नोव्हेंबरची तुकडी मिळाली. ते पाच दिवस सुरळीत गेले. पुस्तक छातीशी, चित्रे मुलांकडे करून धरायचे, ओळीखालून बोट न्यायचे, मध्येच थांबून "आता काय होईल?" असे विचारायचे आणि मुलाचे उत्तर वाढवून परत द्यायचे. मूल "भुभू" म्हणाले, तर आपण म्हणायचे, "हो, काळा भुभू पळतोय." या संवादी वाचनाचा अभ्यास अमेरिकेत १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला होता आणि तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयांच्या संघटनेने २००४ पासून पालकांसाठी उपक्रमच चालवला, हे प्रशिक्षक बाईंनी सांगितले, तेव्हा मला पेन्सिलीची ती रेघ पुन्हा आठवली. मराठीसाठी मात्र त्यांनी वेगळा विचार शिकवला. आपल्या मुलांना सुट्या ध्वनीपेक्षा अक्षर सहज ऐकू येते, म्हणून कमळाला तीन टाळ्या, पाण्याला दोन, आणि प्रत्येक मुलाच्या नावाला त्याच्या त्याच्या टाळ्या. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी लिहिली जाते, पण तिचा उच्चार नंतर होतो. पुढे पहिलीत मूल तिथे अडखळले, तर ते मंद नव्हे, हे पालकांना सांगायचे.

सर्वांत कठीण गेले ते आमच्या देवघेवीच्या ताईंना. त्यांचा आवाज गोड, वाचन स्वच्छ. पण सरावाच्या वेळी एक मुलगी चित्राकडे बोट दाखवून "पानी" म्हणाली आणि ताईंनी लगेच "पाणी म्हण, पाणी" असे सांगितले. त्यानंतर ती मुलगी पुस्तक संपेपर्यंत बोलली नाही. प्रशिक्षक बाईंनी ताईंना बाजूला घेऊन सांगितले की आधी अर्थाला उत्तर द्या, शुद्ध शब्द तुमच्या वाक्यात येऊ द्या : "हो गं, केवढं पाणी आलंय नदीला!" ताईंना हे पटायला दोन दिवस लागले, कारण वीस वर्षे त्यांनी चूक दिसली की दुरुस्त केली होती. आज त्यांच्या तासाला सर्वांत जास्त मुले असतात.

आता सुचतील तसे सल्ले देते. तास वीस मिनिटांहून लांबवू नका. पानावर एक-दोन ओळी असलेली, एकच वाक्य पुन्हा पुन्हा येणारी पुस्तके निवडा. असे एक पुस्तक चार आठवडे वाचले तरी मुले कंटाळत नाहीत, मोठी माणसे कंटाळतात. पुस्तके नुसता कणा दिसेल अशी नव्हे, मुखपृष्ठ दिसेल अशी आणि मुलाच्या कमरेच्या उंचीवर मांडा. फाटलेली पुस्तके बाद करण्याचा ठराव आधीच करून घ्या, नाहीतर सेवक भीतीपोटी पुस्तक मुलाच्या हातात देत नाहीत. आज्यांना बाहेरच्या बाकावर बसवू नका, सतरंजीवर बसवा. घरी तेच पुस्तक त्याच वाचणार असतात. आणि शेवटी, पालक "हे कोणतं अक्षर?" असे मुलांना विचारू लागले, तर त्यांना प्रेमाने थांबवा.

शेजारच्या दोन गावांच्या ग्रंथपालांनी परवा माझ्याकडे अर्जाचा नमुना मागितला. मी त्यांना दोन्ही ठरावांच्या प्रती दिल्या, परत आलेल्याची आणि मंजूर झालेल्याची. बदललेला शब्द लाल शाईने अधोरेखित केला आहे.