इसापची सही

परवा कोपऱ्यावरच्या गाडीवर द्राक्षांचा भाव ऐकून मी सवयीने म्हटले, "आंबट दिसताहेत." त्यावर गाडीवाल्याने घडातला एक मणी तोडून माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाला, "आधी खाऊन बघा ताई, मग कोल्ह्यासारखं बोला." मणी गोड निघाल्यामुळे अर्धा किलो घेणे भाग पडले, आणि पिशवी हलवत घरी येताना मला लॅटिन कवी फीड्रस आठवत राहिला.

हा कोल्हा लॅटिनमध्ये आणला तो त्याने, इसवी सनाच्या पहिल्या शतकात, रोममध्ये. त्याच्या चौथ्या पुस्तकात ही गोष्ट अवघ्या सहा ओळींची आहे: चार ओळींत भूक, उड्या आणि 'अजून पिकली नाहीत', उरलेल्या दोन ओळींत तात्पर्य. (लॅटिन व्याकरणाप्रमाणे ती कोल्हीण आहे, पण ते असो.)

हस्तलिखितात त्याची ओळख 'ऑगस्टस बादशहाने मुक्त केलेला गुलाम' एवढीच दिलेली आहे. जन्म ग्रीसच्या उत्तरेकडील पियेरिया पर्वतावर झाल्याचे तो स्वतः सांगतो. गुलामाला मनातले उघड बोलण्याची सोय नसते, म्हणून त्याने ते गोष्टीत गुंडाळले आणि बोधकथा जन्मली, हे त्याचे म्हणणे मला अनुभवाचे वाटते, कारण गोष्टीत गुंडाळूनही तो सुटला नाही. टायबेरियस बादशहाच्या मर्जीतल्या सेजानसचा त्याच्यावर रोष झाला, आणि फिर्यादी, साक्षीदार व न्यायाधीश या तिन्ही जागी सेजानसच असावा, याबद्दलची कडवट तक्रार त्याने तिसऱ्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत नोंदवून ठेवली आहे.

त्याला कीर्तीची भूक होती आणि ती त्याने लपवली नाही. इसापला सापडलेला कच्चा माल मी पद्यात घासूनपुसून लखलखीत केला, असे तो पहिल्याच पुस्तकात सांगतो. पाचव्या पुस्तकात तर तो म्हणतो की, इसापचे देणे मी केव्हाच फेडले आहे. आता त्याचे नाव घेतो ते फक्त वजनासाठी, जसे काही कारागीर आपल्या नव्या संगमरवरी मूर्तीवर प्रॅक्सिटेलीस या जुन्या ग्रीक शिल्पकाराचे नाव कोरून जास्त किंमत वसूल करतात. इतक्या सरळपणे उसन्या सहीची कबुली देणारा लेखक विरळाच.

पण ती सही त्याला महागात पडली. त्याच शतकात कॉर्सिका बेटावर हद्दपारी भोगणाऱ्या सेनेका या रोमन तत्त्वज्ञाने एका पत्रात लिहिले की, इसापच्या धर्तीच्या गोष्टींना रोमन प्रतिभेने अजून हातच घातलेला नाही. म्हणजे पाच पुस्तके लिहूनही फीड्रस त्याच्या खिजगणतीत नव्हता. पुढे मध्ययुगात त्याच्या पद्यांचे गद्य झाले आणि ते 'रोम्युलस' या भलत्याच नावावर युरोपभर शिकवले गेले. अखेर 1596 साली पिएर पिथू या फ्रेंच पंडिताने नवव्या शतकातल्या एका हस्तलिखितावरून त्याची पुस्तके छापली, तेव्हा कुठे मूळ कवी लोकांसमोर आला. शतक उलटायच्या आतच बोधकथा लिहिणाऱ्या ला फोंतेन या फ्रेंच कवीने त्याच्याकडून भरपूर उचलले. फरक इतकाच की ला फोंतेनचे नाव टिकले.

घरी येऊन द्राक्षे मिठाच्या पाण्यात घातली आणि कपाटातले लहानपणचे पुस्तक काढले. मुखपृष्ठावर मांडवाखाली मान वर करून उभा असलेला कोल्हा आहे, आणि त्याच्या डोक्यावर ठळक अक्षरांत छापले आहे: इसापनीती.