भिंगरीची रात्रपाळी: पहाटे चारचा भोंगा अखेर बंद (बहुतेक)

काल रात्री भिंगरी, आमचं कारवानी (म्हणजे मुधोळ हाउंड) पिल्लू, खोलीबाहेर झोपली आणि थेट साडेपाचला उठली. दार लावलेलं. मध्ये ना कुईकुई, ना दारावर पंजे. चारला माझीच झोप मोडली आणि आवाज कसा नाही म्हणून मी अंधारात कान टवकारून बसले, तो भाग सोडून द्या. तिची गादी हळूहळू खोलीबाहेर नेताना "उंबरा ओलांडला" असं मागच्या वेळी मोठ्या थाटात लिहून झाल्यावर मी एवढी गप्प का झाले, ते आता सांगायला हरकत नाही.

उंबऱ्यापर्यंतचं सगळं सुरळीत झालं होतं. गादी आधी पलंगाला लागून, मग पायथ्याशी, मग कपाटापाशी, मग उंबऱ्यात. एका जागी ती निवांत पसरायला लागली की मगच पुढं सरकायचं, तेही दोन फरश्यांपेक्षा जास्त नाही. खोलीबाहेरच का, हे पुन्हा उगाळत नाही. यांचा दमा आणि कुत्र्याचे केस एका खोलीत नांदत नाहीत, एवढं पुरे. गादी बाहेरच्या बोळात गेली, जाळीचा अर्धा दरवाजा बसला, सुरुवातीच्या रात्री बाईसाहेब शहाण्यासारख्या झोपल्याही. मग पहाटे चारचा भोंगा सुरू झाला.

कारवानी पाळणाऱ्यांना हा सूर सांगायला नको. आधी नाकातून बारीक शीळ, मग कुईकुई, मग वर चढत जाणारं आळवणं. दिवसभर ही जात भुंकत नाही म्हणून आपण कौतुक करायचं आणि शिल्लक राहिलेलं सगळं तिनं चारच्या ठोक्याला बाहेर काढायचं. "टपालाच्या तिकिटावर फोटो आलेली जात ना ही?" असं सासूबाई रोज सकाळी चहाला विचारायच्या. २००५ साली टपाल खात्यानं मुधोळ हाउंडचं तिकीट काढलं, हे मीच त्यांना कधीतरी फुशारकीनं ऐकवलं होतं.

जाळीच्या दरवाजाबद्दल दोन शब्द, कारण बऱ्याच जणांनी विचारलंय. तयार मिळणारे लहान मुलांचे गेट घेऊ नका. आपल्या कुत्र्यांचं डोकं निमुळतं. डोकं गेलं की बाकीचं अंग मागोमाग जातंच, छातीपाशी अडकलं तर आणखी पंचाईत. मिरजेच्या रस्त्यावरच्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडून चौकोनी पाइपचा करून घेतला आणि दोन गजांत दोन इंचांहून जास्त फट नको म्हणून त्याच्या डोक्यावर उभी राहिले. "ताई, कुत्र्यासाठी करताय का उंदरासाठी?" असं तो म्हणाला. काम मात्र चोख केलं. कडी वरच्या बाजूला, भिंगरीच्या नाकाला पुरणार नाही अशी.

तर चारचा भोंगा. पिल्लाला रात्री पिंजऱ्यात (क्रेटमध्ये) झोपवणाऱ्या मंडळींचं म्हणणं ठरलेलं: रडू दे, तिसऱ्या रात्री थांबेल. मला ते पटत नाही, आणि ते काही मन हळवं आहे म्हणून नव्हे. पिल्लू नुसतं लक्ष वेधायला रडत असेल तर दुर्लक्ष केल्यानं रडणं विझतं. विझण्याआधी एकदा भडकतं, तो एक्स्टिंक्शन बर्स्ट आपण सगळ्यांनी सोसलेला आहे. पण रडण्यामागं शरीराची काही गरज असेल तर तुम्ही कितीही कान झाका, ती गरज तिथंच राहते. तेव्हा आधी कारण शोधायचं, मग शिस्तीचं बघायचं.

पहिला संशय अर्थात सू. पिल्लाचं वय जितके महिने, त्यात एक मिळवला की तितके तास ते धरू शकतं, असा ढोबळ हिशोब आपण सगळेच लावतो. भिंगरी चार महिन्यांची, रात्री अकराला शेवटची फेरी, म्हणजे पाच तासांनी बरोबर चार. हिशोब इतका नेमका जुळला की पुढं बघायची गरजच वाटेना. पण शेवटची फेरी बारावर नेली तरी भोंगा चारलाच. आणि अंगणात नेल्यावर बाईसाहेब आधी तुळशीभोवती फिरणार, चप्पल हुंगणार, आठवलं तर बसणार. खरंच लागलेलं पिल्लू असं रेंगाळत नाही.

मग भूक. संध्याकाळचं जेवण उशिरा दिलं, ज्वारीची भाकरी-ताक कमी करून अंडं वाढवलं. फरक शून्य, उलट सकाळचा शौच सैल झाला. यात वेळ घालवू नका.

मग आवाज. आमचं घर माधवनगर रस्त्याच्या बाजूला. कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की रात्रभर उसाचे ट्रॅक्टर, प्रत्येकाला दोन ट्रॉल्या, आणि ड्रायव्हरला झोप लागू नये म्हणून लावलेली गाणी आख्ख्या वस्तीला ऐकू जातात. हे म्हणाले, कुत्री काय, माणसं उठतील. मलाही तेच वाटत होतं. जुना मोबाइल बोळात स्टुलावर उभा केला, झिरोचा बल्ब लावला आणि रात्रभर चित्रीकरण सुरू ठेवलं. मंडळी, ज्यांच्याकडे पिल्लू आहे त्यांनी हे पहिल्याच दिवशी करा. कॅमेरे विकणारे हजारो रुपये मागतात. तडा गेलेला जुना फोन तेवढंच काम करतो.

चित्रीकरणात दिसलं ते असं. दीडला ट्रॅक्टर गेला, गाणं कर्कश्श, भिंगरीचा एक कान हलला आणि परत पडला. अडीचला दुसरा गेला, तेव्हा कानही हलला नाही. म्हणजे ट्रॅक्टर निर्दोष. पण तीननंतर ती सारखी जागा बदलते. उठते, गोल फिरते, आणखी घट्ट मुटकुळं करते, नाक शेपटीखाली खुपसते. पुन्हा उठते. मग शीळ, मग भोंगा. दुसरी गोष्ट लक्षात यायला वेळ लागला: ज्या रात्री आभाळ आलं होतं आणि उकडत होतं, त्या रात्री ती सहापर्यंत झोपली होती. आम्ही ती रात्र "सुधारली" म्हणून साजरी केली होती.

थंडी! सांगलीत कसली थंडी, असं सातारकर म्हणतील. पण पहाटे पारा चौदा-पंधरावर येतो, आमच्या बोळात शहाबादी फरशी आहे, आणि मागच्या दाराखालच्या फटीतून वारा नेमका फरशीलगत येतो. आपल्याला तो पलंगावर कळत नाही. कारवानीच्या अंगावर चरबी नाही, कातडी पातळ, केस आखूड. ऊन आणि पळणं यासाठी घडलेलं शरीर आहे ते. खोलीत होती तेव्हा दार-खिडक्या बंद, माणसांची ऊब. बाहेर काढली आणि नेमकी त्याच सुमारास थंडी वाढली. आम्ही दोष दिला तो विरहाला.

इथं त्या गोल फुगीर गादीबद्दल बोलायलाच हवं. "शांत झोप देणारी" म्हणून ऑनलाइन मागवलेली, कडेला केसाळ वळकटी, किंमत आठवली की अजून पोटात गोळा येतो. आतला कापूस आठवडाभरात चपटा झाला आणि मध्ये बोट दाबलं की खाली फरशी लागते. भिंगरीनं तिची कड उसवून चघळायला घेतली, एवढाच उपयोग.

पिल्लू ज्यांच्याकडून आणलं त्या जतकडच्या धनगर मामांना फोन केला. ते हसलेच. "ताई, मेंढराच्या पोटाला पाठ लावून झोपल्यालं पिल्लू हाय त्ये. तुमच्या फोमवर कसं झोपंल?" मग त्यांनी कुत्र्याला शेळीशेजारी बांधायचा सल्ला दिला, तो माधवनगर रस्त्यावर अमलात आणणं कठीण आहे. पण येणाऱ्याबरोबर एक जुनं घोंगडं पाठवलं आणि निरोप दिला: धुऊ नगा, वास जाईल.

काळ्या लोकरीचं, खरखरीत, मेंढीचा आणि धुराचा वास मारणारं. सासूबाईंनी आल्या आल्या ते कपाळाला लावलं (माहेरचे बिरोबाचे भक्त, दरवर्षी आरेवाडीला जाणारे) आणि मग कुत्र्याखाली घालायचं कळल्यावर माझ्याकडे जे बघितलं ते बघितलं. तडजोड म्हणून निम्मं दुमडून वरच्या भागावर जुनं लुगडं. माळ्यावर मुलांची लहानपणची नवारीची बाज होती, वीतभर उंच. ती बोळात टाकली, म्हणजे फरशी आणि वारा दोन्हींपासून सुटका. मागच्या दाराच्या फटीत पोत्याची गुंडाळी. भिंगरीनं घोंगडं हुंगलं, पुढच्या पंजांनी खरवडलं, चार गिरक्या घेतल्या आणि त्यात नाक खुपसून असा उसासा सोडला की मी तिथंच जिंकले. अर्ध्या तासानं बघते तर पाठीवर, चारी पाय वर. खोलीबाहेर पहिल्यांदाच! हा पोज ज्यांनी पाहिलाय त्यांना कळेल मी फोटो काढायला का धावले.

आणि तरीही चारला भोंगा.

डोकंच फिरलं. चित्रीकरण परत बघितलं. आता ती तीनला कुशी बदलत नव्हती, मुटकुळं नव्हतं, गाढ झोपेत होती. चारला मान वर, दाराकडे नजर, कान पुढं. कुडकुडणारं पिल्लू असं बघत नाही. ती वाट बघत होती. इतके दिवस पहाटे रडल्यावर दार उघडलं, कोणीतरी आलं, अंगणात नेलं, सासूबाई उठलेल्या असल्या तर डोक्यावरून हातही फिरला. थंडी हे मूळ कारण गेलं, पण त्यानं लावलेली सवय मागं राहिली. आणि रोज न येता कधीतरी येत असलं की सवय जास्त चिवट होते. स्किनर या मानसशास्त्रज्ञानं कबुतरांना कधीमधी दाणे देऊन हेच दाखवलं होतं.

आता रडू द्यायचं का? माझं उत्तर अजूनही नाही, कारण शेजारी लहान बाळ आहे आणि भिंतीला भिंत लागून आहे. त्याऐवजी उलटं केलं. ती हाक मारायच्या आधीच आपण जायचं. साडेतीनचा गजर, न बोलता, दिवा न लावता अंगणात, सू, परत बाजेवर, "जाग्यावर" एवढा एकच शब्द, संपलं. रडणं आणि माणूस येणं यांचा संबंध तोडायचा. मग तो गजर दर काही रात्रींनी पाव तास पुढं ढकलायचा. तान्ह्या बाळांच्या बाबतीतही हीच युक्ती वापरतात.

पावणेचारपर्यंत छान चाललं. मग भिंगरी माझ्या गजराच्या सुरावर उठून बसायला लागली. मोबाइल खोलीत, दार बंद, आवाज बारीक, तरी हिच्या कानांना पहिला सूर पुरेसा. वर दिवसा यांच्या फोनवर तोच सूर वाजला तर ही पळत दारापाशी! शेवटी फोन नुसता थरथरत ठेवला, उशीखाली, घडी केलेल्या टॉवेलवर. (स्टीलच्या वाटीशेजारी ठेवू नका.) तिथून गाडी पुढं सरकली ती काल साडेपाचवर आली. काल गजर साडेपाचचा होता आणि मी गेले तेव्हा ती झोपलेली होती. मला तिला उठवावं लागलं, मंडळी! डोळे उघडून असं बघितलं की आगाऊपणा कोण करतंय.

पुढचा बेत असा होता की बाज दोन-दोन फरश्या सरकवत सोप्यापर्यंत न्यायची, होळीपर्यंत. पण हे लिहिताना एक गोष्ट ध्यानात आली. काल दुपारी सासूबाईंनी घोंगडं उन्हात टाकलं होतं, तर भिंगरी अंगणात त्याच्यावरच जाऊन झोपली. म्हणजे तिला बोळाचं काही सोयरसुतक नाही, तिची जागा म्हणजे ते घोंगडं. मग बाज फरशी-फरशीनं ढकलायची कशाला? दुपारची झोप आजपासून सोप्यात, घोंगड्यावर, माणसं आसपास असताना. ती तिथं पाय वर करून झोपली की एके रात्री घोंगडंच थेट तिकडं. बाज मागोमाग. मधला बोळाचा टप्पा रद्द. चुकलं तर बोळ आहेच.

एक अडचण राहते. घोंगडं धुवायचं नाही म्हणजे गोचीड-पिसवांचं काय? सध्या उन्हात तापवून काठीनं झोडपते, आणि भिंगरीला डॉक्टरांनी वजनाप्रमाणे दिलेले मानेवरचे थेंब चालू आहेत. माणसाच्या किंवा मोठ्या कुत्र्याच्या औषधाचे अंदाजपंचे थेंब टाकायचा सल्ला ज्यांनी दिला त्यांना नमस्कार, तो मी घेणार नाही. पण लांब केसांची पश्मी कुत्री पाळणारे, तुमच्या कुत्र्यांच्या केसांत तर गोचीड दिसतही नाही. लोकरीचं अंथरूण वापरणाऱ्या कोणी कडुनिंबाचा पाला घड्यांत घालून पाहिलाय का? वास बदलून पिल्लानं अंथरूण सोडलं असं झालं का, तेवढं आधी सांगा. दुसरं घोंगडं मागायला मामांना फोन करायचाय, आणि या वेळी सासूबाईंच्या समोर करणार नाहीये.