‘जीव द्यावासा वाटतो का?’ हे विचारायला शिकताना

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत गणित शिकवतो. प्रशिक्षणं आम्हाला नवी नाहीत. निवडणुकीचं असतं, ऑनलाइन माहिती भरण्याचं असतं, मूल्यमापनाचं तर दरवर्षी असतं. त्यामुळे आत्महत्या प्रतिबंधाच्या प्रशिक्षणाचं पत्र आलं तेव्हा स्टाफरूममध्ये चर्चा झाली ती प्रवासभत्त्याची. विषयावर कुणी बोललंच नाही. या जिल्ह्यात तो इतका ऐकलेला आहे, की त्यात शिकण्यासारखं काही उरलं असेल असं कुणाला वाटत नाही. मलाही वाटत नव्हतं.

पंचायत समितीच्या सभागृहात शिक्षक निम्मेच निघाले. बाकी आशाताई, अंगणवाडी सेविका, काही गावांचे पोलीस पाटील आणि कृषी केंद्रवाले. शिकवायला आलेल्या बाई जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातल्या समाजसेविका होत्या. कृषी केंद्रवाल्यांना त्यांनी मुद्दाम बोलावलं होतं. टोकाची घटका बहुतेक वेळा थोडाच वेळ टिकते, त्या वेळात धोक्याची वस्तू हाताशी नसली तर माणूस वाचू शकतो; म्हणून फवारणीचं औषध घरात कुलपात ठेवा हे विकतानाच सांगायचं, असं त्यांचं म्हणणं. आमच्या दहावीच्या पुस्तकापेक्षा दुकानदाराचं वाक्य घरात लवकर पोचतं, हे मान्य करायला हवं.

आकडे त्यांनी एकदाच सांगितले. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022 च्या अहवालात देशभरात 1,70,924 आत्महत्यांची नोंद आहे, त्यांत 13,044 विद्यार्थी. विद्यार्थ्यांमध्ये महाराष्ट्र सर्वांत वर, 1,764. मग फळा पुसला आणि म्हणाल्या, आता बोलायला शिकू.

शिकायचं होतं ते एवढंच: समोरच्याची लक्षणं दिसली की त्याला बाजूला घेऊन सरळ विचारायचं, ‘तुला जीव द्यावासा वाटतो का?’ आडून नाही, ‘काही वेडंवाकडं तर मनात नाही ना?’ असं नाही. त्या प्रश्नात ‘नाही’ हे उत्तर आपणच त्याच्या तोंडात घालतो.

लगेच मागून एक पोलीस पाटील उठले. “मॅडम, असं इचारलं तं ज्याच्या डोक्यात नसन त्याच्याही डोक्यात येईन ना!”

सगळ्यांच्या मनातलं बोलले ते. बाईंनी शांतपणे सांगितलं, यावर जगभर अभ्यास झाले आहेत आणि विचारल्यामुळे असा विचार रुजतो असं दिसत नाही. उलट, कुणीतरी विचारलं याचाच बऱ्याच जणांना आधार वाटतो. पाटलांचं समाधान झालं नाही. त्यांची दुसरी शंका पोलीस केसची होती. प्रयत्न करून वाचलेल्या माणसावर गुन्हा दाखल होतो, मग घरचे दवाखान्यात खरं सांगतील कसे? तेव्हा कळलं की 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम 115 नुसार असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं असतं. त्याला शिक्षा नाही, उपचार द्यायचे. आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुनं कलम 309 राहिलेलंच नाही. पाटलांनी हे डायरीत लिहून घेतलं, कलमाच्या आकड्यासकट.

दुपारनंतर तिघातिघांचे गट केले. एक त्रासलेला माणूस, एक विचारणारा, एक नुसता बघणारा. हा भाग कागदावर फार सोपा दिसतो. शिक्षकांची अवस्था बघण्यासारखी होती. तास घेण्याची सवय इतकी, की समोरच्याचं एक वाक्य होत नाही तोच आमचं भाषण सुरू. ‘आईवडिलांचा विचार कर’, ‘तुझ्यापेक्षा वाईट परिस्थितीतली मुलं बघ’, ‘एवढ्याशा गोष्टीसाठी?’ ही तिन्ही वाक्यं बाईंनी वर्ज्य केली होती आणि दर दोन मिनिटांनी कुठल्यातरी गटातून एकतरी ऐकू येत होतं. सगळ्यांत चांगल्या निघाल्या आशाताई. शेतकरी आत्महत्या रोखण्यासाठीचा सरकारचा प्रेरणा प्रकल्प 2015 मध्ये सुरू झाल्यापासून त्या शेतकऱ्यांच्या घरी जाऊन झोप लागते का, जेवण जातं का, हे विचारत आल्या आहेत. माझ्या गटातल्या ताईंनी प्रश्न विचारला आणि गप्प बसल्या. उत्तर येईपर्यंत गप्पच. मी त्रासलेल्याची भूमिका करत होतो, खोटीच, तरी त्या शांततेत मला काहीतरी खरं बोलावंसं वाटू लागलं.

प्रश्नानंतरचं सगळं मग भराभर झालं. उत्तर ‘हो’ आलं तर त्याला एकटं सोडायचं नाही. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन द्यायचं नाही. आणि उपचाराशी जोडून द्यायचं. त्यासाठी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. ही सेवा ऑक्टोबर 2022 पासून आहे. सभागृहात बहुतेकांनी तो क्रमांक त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

शेवटी बाईंनी एक गोष्ट स्वतःहून सांगितली, ती मला फार आवडली, कारण प्रशिक्षण देणारे सहसा आपल्याच प्रशिक्षणाविरुद्ध बोलत नाहीत. युरोपातल्या 10 देशांतल्या 168 शाळांमध्ये एक मोठा अभ्यास झाला, 2015 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. काही शाळांत शिक्षकांना असंच प्रशिक्षण दिलं. तुलनेसाठी निवडलेल्या शाळांच्या मानाने त्यांत लक्षणीय फरक पडला नाही. फरक पडला तो जिथे मुलांबरोबरच भूमिका करून, चर्चा करून काम झालं तिथे. सुमारे पाच तासांचा कार्यक्रम, पण वर्षभराने पाहिलं तर आत्महत्येचे नवे प्रयत्न जवळपास निम्मे.

मग आम्ही कशाला बसलोय इथे, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, “मुलगा मित्राला सांगेल. मित्र घाबरून कुणाकडे येईल? तुमच्याकडेच ना?”

त्यानंतर काही आठवड्यांनी तसंच झालं. मुलाबद्दल इथे लिहिणार नाही, गाव लहान आहे. त्याचा मित्र गणिताची वही दाखवायच्या निमित्ताने आला आणि वही न उघडताच उभा राहिला. मी त्या मुलाला प्रयोगशाळेत बसवून तो प्रश्न विचारला. शब्द घशात अडकले होते, पण सभागृहात ते मोठ्याने म्हटलेले असल्यामुळे बाहेर आले. तो ‘कधी कधी’ म्हणाला. आम्ही दोघांनी मिळून 14416 लावला. घरी मीच गेलो. वडील आधी चिडले, मग लोकांना कळू नये म्हणून काकुळतीला आले. जिल्हा रुग्णालयात नेण्यापेक्षा त्यांना तयार करण्यातच जास्त दमछाक झाली. आशाताई सोबत नसत्या तर मला जमलं नसतं, कारण त्या घराच्या स्वयंपाकघरापर्यंत त्यांचं येणंजाणं होतं आणि मी ओसरीवरचा पाहुणा. मुलगा आता शाळेत येतो, औषधं चालू आहेत.

सर्वोच्च न्यायालयाने 25 जुलै 2025 ला शिक्षणसंस्थांसाठी निर्देश दिले: शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे समुपदेशक, आणि कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण. आमची पटसंख्या शंभराच्या कितीतरी वर आहे. समुपदेशक अजून आलेला नाही आणि तो यवतमाळहून रोज एसटीने येईल यावर माझा विश्वास नाही. तोवर जे हातात आहे ते करतो. दहावीच्या निकालाच्या दिवशी काठावरच्या मुलांना दुपारीच फोन करायचे, हे शिक्षकांनी आपसांत वाटून घेतलंय. पुरवणी परीक्षेची तारीख त्याच फोनमध्ये सांगायची. राज्यात 2015 पासून ही परीक्षा त्याच वर्षी होते, म्हणजे वर्ष वाया जाईलच असं नाही, पण निकालाच्या दिवशी हे कुणाच्या डोक्यात नसतं.

आणि मुलांसाठीचं काम. नववीबरोबर बसायला मी मुख्याध्यापकांकडे पाच तासिका मागितल्या. मिळाल्या, पण खेळाच्या तासातून. नववी माझ्यावर नाराज आहे, आणि तिचं बरोबर आहे. पुढच्या वेळी त्या गणितातून काढणार आहे.