गॅसचा वास येतोय, पण कुठल्या गॅसचा?

आई-बाबांना येऊन चौथाच दिवस होता. एप्रिलचा दुसरा आठवडा, आईचा जेटलॅग गेलेला नव्हता, त्यामुळे रात्री तीनला ती टक्क जागी. त्या रात्री आमच्या दारावर टकटक झाली. "अगं, पेट्रोलचा वास येतोय, उठ जरा." मी झोपेतच म्हटलं, तुमच्या खोलीखाली गॅरेज आहे ना, येत असेल गाडीचा थोडाफार, झोप. तर म्हणाली, "थोडाफार नाही, डोकं दुखायला लागलंय माझं."

आधी घराचा नकाशा सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. आम्ही ओहायोमध्ये क्लीव्हलँडजवळच्या एका उपनगरात राहतो. इथल्या बऱ्याच घरांसारखं आमचं गॅरेज घरालाच चिकटलेलं आहे, मध्ये फक्त एक दार, त्या दाराच्या बाजूने बेसमेंटचा जिना खाली जातो आणि गॅरेजच्या बरोब्बर वर पाहुण्यांची खोली. आपल्याकडे गाडी बिल्डिंगखाली उघड्यावर असते, वास आलाच तर वाऱ्याबरोबर गेला. इथे गाडी घरातली मेंबर असल्यासारखी चार भिंतींच्या आत झोपते, थंडी आत येऊ नये म्हणून दरवाजाला खालून रबराची पट्टी, आणि घर हीटरने गरम केलेलं असलं की गरम हवा वर वर जाऊन बाहेर पडते आणि तिच्या जागी खालची हवा आत ओढली जाते. खालची म्हणजे कुठली, तर गॅरेजमधली पण.

बरं, हा वास काही त्या रात्रीच सुरू झाला नसणार. आम्हाला दोघांना अधूनमधून जाणवायचा, पण नाक फार लबाड असतं, रोजच्या वासाची सवय लावून घेतं आणि मग सांगणंच बंद करतं. आईचं नाक ताजं होतं, नुकतं विमानातून उतरलेलं. भिंतीवरचा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म गप्प होता म्हणून मी निवांत होते, हे मात्र माझं अडाणीपण. ते यंत्र कार्बन मोनॉक्साइडच ओळखतं आणि स्मोक डिटेक्टर धूरच. पेट्रोलची वाफ खोलीभर झाली तरी दोघांपैकी कोणीही ओरडणार नाही.

गॅरेजचं दार उघडलं तर भपकाच आला. मी लगेच बंद केलं आणि गॅस कंपनीच्या इमर्जन्सी नंबरला फोन लावला. आता इथे भाषेची गंमत झाली. इथे पेट्रोलला गॅस म्हणतात आणि चुलीच्या गॅसलाही गॅसच म्हणतात. बारा वर्षं इथे राहून माझ्या तोंडात पेट्रोल हा शब्द इंग्रजी बोलताना येतच नाही. सांगितलं, घरात गॅसचा खूप वास येतोय. पलीकडच्या बाईने एकही जास्तीचा प्रश्न न विचारता सांगितलं, लाइटचं कुठलंही बटण दाबू नका, चालूही नाही आणि बंदही नाही, सगळे आत्ताच्या आत्ता बाहेर पडा, लांब जाऊन थांबा, माणूस पाठवतोय. आई मागून सांगत होती, "अगं सिलिंडर लीक झाल्यासारखा नाहीये, पेट्रोलचा आहे, पेट्रोलचा." पण आईचं कोण ऐकतं.

खरं म्हणजे तिचंच बरोबर होतं आणि ओळखायला सोपं होतं. चुलीच्या गॅसला स्वतःचा वासच नसतो, गळती कळावी म्हणून त्यात सडक्या अंड्यासारखा वास मुद्दाम मिसळतात. पेट्रोलचा तो पंपावरचा गोडसर, डोक्यात जाणारा वास अगदी वेगळा.

तर पहाटे सव्वातीनला आम्ही चौघं समोरच्या फुटपाथवर. आई गाऊनवर माझं बर्फातलं जॅकेट घालून, बाबा कानटोपीत, नवरा एका पायात बूट एका पायात स्लिपर. समोरच्या घरातल्या ऐंशी पार केलेल्या आजी खिडकीत आल्या, मग बाहेरच आल्या. त्यांनी आल्या आल्या १९४४ ची गोष्ट काढली. २० ऑक्टोबर १९४४ ला क्लीव्हलँडच्या पूर्व भागात द्रवरूप नैसर्गिक गॅसची मोठी टाकी फुटली होती, थंडगार वाफ जड असल्यामुळे रस्त्यावरून वाहत गटारांत शिरली आणि पेटली, १३० माणसं गेली. आजी तेव्हा तान्ह्या होत्या पण त्यांच्या घरात ती गोष्ट कायम सांगितली जायची म्हणे. मी आईला भाषांतर करून सांगितलंच नाही.

पाऊण तासात गॅस कंपनीचा माणूस आला, हातात मीटर. चूल, घर गरम करायची भट्टी, बाहेरचा गॅसचा मीटर, सगळं तपासलं, कुठेच काही नाही. मग तो गॅरेजच्या दाराशी गेला, नाक वर केलं आणि म्हणाला, हा गॅस नाही, हा गॅस आहे! म्हणजे त्याच्या भाषेत एक नॅचरल आणि एक गॅसोलीन, पण मला तेव्हा इतकं हसू आलं की आवरेना. पुढे त्याने जे दाखवलं त्याने मात्र हसू गेलं. मीटर छातीच्या उंचीवर धरला तर आकडा जेमतेम. तोच मीटर जमिनीजवळ नेला तर आकडा सरसर वर. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तिप्पट-चौपट जड असते, ती पाण्यासारखी खाली साचते आणि उतार मिळेल तिकडे जाते. आमच्याकडे उतार कुठे, तर बेसमेंटच्या जिन्याकडे. आणि बेसमेंटमध्ये काय, तर पाणी गरम करायचा बंब, ज्यात एक छोटी ज्योत चोवीस तास जळत असते.

तो म्हणाला हवेत दीड टक्क्याच्या आसपास वाफ झाली तरी पेटायला पुरते. मी नंतर वाचलं, नेमका आकडा १.४ टक्के आहे आणि वरची मर्यादा ७.६. आणि थंडी आहे म्हणून काही होणार नाही असंही नाही, पेट्रोल उणे ४० अंशांच्याही खाली पेटण्याइतकी वाफ सोडतं. इथे कितीही बर्फ पडला तरी तेवढी थंडी काही पडत नाही.

त्याने खाली जाऊन बंबाचा गॅसचा कॉक बंद केला. हे ऐकून बाबा एकदम खूश. त्यांनी सत्तावीस वर्षं बजाजची स्कूटर चालवली, स्कूटर लावली की पेट्रोलचा कॉक बंद करायचा हा त्यांचा धर्म, आणि आल्या दिवसापासून ते माझ्या गाडीचा कॉक कुठे आहे विचारत होते. नसतो हो बाबा, म्हटलं तरी पटत नव्हतं. "बघ, शेवटी कॉकच बंद करावा लागला ना."

गॅरेजचा दरवाजा रोजच्यासारखा रिमोटने उघडायचा नव्हता कारण मोटरच्या स्विचमध्ये ठिणगी पडू शकते. वर एक लाल दोरी लोंबत असते, ती ओढली की दरवाजा मोटरपासून सुटतो आणि हाताने उचलता येतो. बारा वर्षांत ती दोरी कशासाठी असते हे मला माहीत नव्हतं, तुम्ही इकडे राहत असाल तर दिवसाउजेडी एकदा ओढून बघा. गाडी चालू करायची नाहीच. बाबा म्हणत होते सेल मारून बघूया, त्यांना आईनेच गप्प केलं. दहा मिनिटं वारा खेळू दिला, गाडी न्यूट्रलला टाकली आणि त्या माणसाने, नवऱ्याने आणि बाबांनी मिळून ड्राइव्हवेवर ढकलली. जाताना तो सांगून गेला की पुढच्या वेळी असा भपका आला तर बाहेर पडून सरळ ९११, अग्निशमन दलाचे लोक येतात. पैसे काही घेतले नाहीत.

आता खरा प्रश्न, वास येतो कुठून. गाडीखाली थेंब नाही, डाग नाही. इंजिन चेकचा पिवळा दिवा मात्र दोन आठवडे पेटलेला होता आणि तो आम्ही बघून न बघितल्यासारखं करत होतो (करतात सगळेच). पहिल्या मेकॅनिकने कोड वाचला, पेट्रोलच्या वाफेची यंत्रणा गळतेय असा कोड, टाकीचं झाकण बदललं, दिवा घालवला, झालं म्हणाला. झाकण सैल असणं हे खरंच नेहमीचं कारण आहे, रबर कडक झालं की वाफ सुटते, त्यामुळे त्याला फार दोष देत नाही. पण शनिवारी टाकी फुल केली आणि रविवारी सकाळी ड्राइव्हवेवरसुद्धा वास.

इथे बाबांची स्कूटर कामाला आली. त्यांनी एका वहीत लिहून ठेवायला सुरुवात केली, टाकी किती भरलेली आणि वास आहे की नाही. रिटायर्ड माणसाला काम मिळालं. शनिवार-रविवार-सोमवार वास, बुधवारनंतर गायब, परत शनिवारी हजर. "टाकी भरलेली असताना येतो आणि अर्धी झाली की जातो, म्हणजे भोक वरच्या बाजूला आहे. खाली असतं तर रोज आला असता." मी ही वही घेऊन दुसऱ्या मेकॅनिककडे गेले. त्याने ती मराठी वही उलटीसुलटी बघितली आणि माझं भाषांतर ऐकून म्हणाला, वडिलांना माझ्याकडे नोकरी देतो.

त्याने यंत्रणेत धूर सोडला. हो, अक्षरशः धूर, स्मोक टेस्टच म्हणतात तिला. धूर कुठून बाहेर येतो ते बघायचं. मागच्या चाकाच्या वर, आतल्या बाजूला, जिथून पेट्रोल टाकीत उतरतं तो लोखंडी पाइप आहे, त्याच्यातून धुराची बारीक रेघ निघाली. पाइप गंजून चाळण झालेला. इथे हिवाळ्यात बर्फ वितळावं म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात, ते चाकांनी उडून नेमकं तिथे जाऊन बसतं. गाडी २०१२ ची, म्हणजे तिने बरेच हिवाळे चाटलेत.

आणि दुसरी गोष्ट त्याने विचारली, पंप बंद झाल्यावर वरून आणखी भरता का? मी नवऱ्याकडे बघितलं. नवरा छताकडे. हा माणूस पंपाचा खटका पडला तरी राउंड फिगर होईपर्यंत दाबत बसतो, एकेचाळीस डॉलर सत्तेचाळीस सेंट त्याला सहन होत नाहीत. टाकीतली वाफ बाहेर जाऊ नये म्हणून गाडीत कोळशाने भरलेला एक डबा असतो, तो वाफ शोषून घेतो आणि इंजिन चालू असताना ती इंजिनला जाळायला देतो. तो डबा वाफेसाठी आहे, पातळ पेट्रोलसाठी नाही. वरून कोंबलं की पेट्रोल थेट त्या डब्यात शिरतं आणि कोळसा भिजून कामातून जातो. आमचा गेला होता. पाइप, डबा आणि मजुरी मिळून सहाशे डॉलरच्या वर बिल झालं, राउंड फिगरसाठी दाबलेल्या त्या सेंटांचा हिशोब मी अजून करतेय.

एप्रिलमध्येच वास इतका का वाढला तेही कळलं. इथे हिवाळ्यात विकतात ते पेट्रोल मुद्दाम जास्त उडणारं असतं, थंडीत गाडी चालू व्हावी म्हणून, आणि उन्हाळ्याचं कमी उडणारं पंपांवर १ जूनपर्यंत यावं लागतं. मधल्या काळात एखादी गरम दुपार आली की टाकीत हिवाळ्याचं पेट्रोल आणि बाहेर ऊन, मग वाफच वाफ.

रिकॉलही बघितला होता. गाडीचा १७ अक्षरांचा व्हिन नंबर सरकारी वाहतूक सुरक्षा खात्याच्या साइटवर टाकला की त्या गाडीत कंपनीची काही चूक निघालीये का ते कळतं, निघाली तर दुरुस्ती फुकट. आमच्या नशिबात नव्हती, पण तुमच्या गाडीला पेट्रोलचा वास येत असेल तर मेकॅनिककडे जायच्या आधी हे करा, पाच मिनिटांचं काम.

गाडी सुधारली तरी गॅरेजला वास आठवडाभर होता, काँक्रीट पिऊन बसतं. बाबा बादली घेऊन धुवायला निघाले होते, त्यांना थांबवलं, कारण इथे रस्त्याकडेच्या जाळीतलं पाणी तसंच ओढ्यात जातं, त्यात पेट्रोल सोडणं गुन्हा आहे. मांजराच्या शी-शूसाठी मिळते ती माती पसरली, दोन दिवसांनी झाडून डब्यात भरली आणि गावाच्या घातक कचऱ्याच्या केंद्रात नेऊन दिली. त्या आठवड्यात दरवाजा अर्धा उघडा ठेवला म्हणून सोसायटीची चिठ्ठी आली, गॅरेजचे दरवाजे उघडे ठेवू नयेत, परिसराची शोभा जाते. मी उत्तरात लिहिलं, वास पाठवून देऊ का?

मे महिन्यात ई-चेक होता. ही क्लीव्हलँडच्या आसपासच्या सात काउंटींमधली धुराची तपासणी, इंजिनचा दिवा पेटलेला असेल तर थेट नापास. पास झालो. येताना पेट्रोल भरायला थांबलो, खटका पडला, नवऱ्याने हात काढला, आकडा ३८ डॉलर ६३ सेंट. मागच्या सीटवरून बाबा म्हणाले, "सोड आता, चाळीस करू नकोस." पावती त्यांनी मागून घेतली आणि वहीत चिकटवली.