हेमकुंड साहिब: ‘बस, छे किलोमीटर’वर जाऊ नका

हेमकुंड साहिब म्हणजे उत्तराखंडात उंचावर तळ्याकाठी असलेला शिखांचा गुरुद्वारा, आणि घांघरिया हे त्याच्या खालचं मुक्कामाचं गाव. तिथे कुणालाही विचारा, हेमकुंड किती लांब? उत्तर ठरलेलं: ‘बस, छे किलोमीटर.’ अंतर बरोबर आहे, चढाबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढत नाही. घांघरिया साधारण दहा हजार फुटांवर, हेमकुंड चौदा-पंधरा हजारांच्या दरम्यान. बारी गावातून कळसूबाईला जेवढं चढतो त्यापेक्षा हे बरंच जास्त, आणि सुरुवातच विरळ हवेत. वाटेत दम खायला म्हणून सपाटी मिळत नाही. सह्याद्रीत दर आठवड्याला गड चढणारे आमच्यातले दोघं अटलाकोटीच्या हिमनदीपाशी दगडावर बसले ते बराच वेळ उठले नाहीत.

तिथपर्यंतचा प्रवास पटकन सांगतो. उत्तराखंड सरकारच्या चारधाम पोर्टलवर हेमकुंडचीही नोंदणी होते, ती घरूनच करा. ऋषिकेशहून जोशीमठ, पुढे बद्रीनाथच्या रस्त्यावर गोविंदघाट, तिथून पुलन्यापर्यंत जीप, मग घांघरियापर्यंत नऊ-दहा किलोमीटर चाल. हा टप्पा लांब आहे, अवघड नाही. रोख पैसे जोशीमठलाच काढून ठेवा. वर रेंज आली तर आली, आणि ‘यूपीआय चलेगा’ म्हणणाऱ्या दुकानदाराचं नेट नेमकं बिल देताना जातं.

घांघरियात पोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी हेमकुंड करू नका. आधी फुलांची दरी करा. चढ सौम्य आहे आणि शरीराला उंचीची सवय होते. दरी सुंदर आहे, फोटो सगळ्यांनी पाहिलेत, पुढे चला.

आता वेळेचं गणित. हेमकुंडला मुक्काम करता येत नाही. दुपारची अरदास, म्हणजे प्रार्थना, झाली की सेवादार (गुरुद्वाऱ्यातले स्वयंसेवक) सगळ्यांना खाली पाठवायला लागतात, दोननंतर वर कुणी राहत नाही. म्हणून पहाटे पाचला पाय बाहेर पडलाच पाहिजे. आठला आलू पराठे खाऊन निघालेले लोक आम्हाला उतरताना भेटले. निम्मी वाट बाकी होती आणि वर ढग भरले होते. त्यांना खरं सांगायला जीभ रेटेना.

सगळ्यात वाईट भाग शेवटचा. इथे दोन पर्याय आहेत: उभ्या दगडी पायऱ्या, हजाराच्या वर, किंवा खेचरांची वळणावळणाची वाट. पायऱ्यांवर छाती भरून येते. वळणाच्या वाटेवर पाऊस, लीद आणि ओले दगड मिळून असा राडा होतो की चांगला बूटही धरत नाही. माझा निकाल: चढताना पायऱ्या, उतरताना वळणाची वाट. उतरताना पायऱ्यांवरून गेलात तर गुडघे आठवडाभर शिव्या देतील. खेचर आलं की नेहमी डोंगराच्या बाजूला सरका, दरीच्या बाजूला कधीच नाही. ती पाठीवरच्या ओझ्यासकट सरळ अंगावर येतात.

खेचर करायचंच असेल तर खाली काउंटरवर दर लिहिलेली पावती घ्या. वर पाऊस सुरू झाला की दर आभाळाला भिडतात. आमच्यातल्या एकीचा पाय मुरगळला तेव्हा खाली नेण्यासाठी खेचरवाल्याने फलकावरच्या दराच्या दुप्पट मागितले, वर ‘घोडे का चना’ वेगळा! घासाघीस करायला वेळ नव्हता, दिले. खाली आल्यावर त्यानेच पुन्हा चहापाणी मागितलं. वाटेतल्या मॅगीचे भाव मात्र मी समजू शकतो, प्रत्येक सिलिंडर खेचरावरून वर येतो. पण फाटका प्लॅस्टिकचा रेनकोट अव्वाच्या सव्वा भावात विकणं ही शुद्ध लूट आहे. चांगला पाँचो घरून न्या.

आणि या सगळ्यानंतर वर काय मिळतं? फुकट खिचडी. स्टीलच्या वाडग्यात वाफाळती, पातळ, तूप तरंगणारी, आणि पाठोपाठ गोडमिट्ट चहा. बोटं वाडग्याला चिकटवून बसायचं. कोण, कुठून आलात, शीख आहात का, कुणी विचारत नाही. लुधियानाचे आजोबा, बंगाली जोडपं आणि आमची टोळी एकाच पंगतीत. दरबारात, म्हणजे प्रार्थनेच्या दालनात, गारठलेल्यांसाठी घोंगड्या ठेवलेल्या असतात, घ्या आणि बसा. डोकं झाकायला रुमाल न्या, ओली टोपी नको.

जोडाघरात, म्हणजे चपला-बूट ठेवायच्या जागी, माझे चिखलाने माखलेले बूट एका पांढऱ्या दाढीच्या सेवादारांनी हातात घेतले. मी संकोचलो, तर म्हणाले, ‘सेवा है जी.’ महाराष्ट्र म्हटल्यावर चेहरा उजळला. ‘हजूर साहिब!’ म्हणजे नांदेडचा गुरुद्वारा. गुरू गोविंदसिंगांनी १७०८ मध्ये नांदेडला देह ठेवला, आणि ‘बचित्तर नाटक’ या त्यांच्या आत्मकथनात त्यांच्या पूर्वजन्मीच्या तपाची जागा म्हणून हेमकुंड येतं. त्या वर्णनातली सात शिखरं आणि तळं शोधत संत सोहनसिंग आणि हवालदार मोदनसिंग १९३० च्या दशकात इथवर आले. स्थानिकांचं लोकपाल तीर्थ त्याआधीपासून इथे आहेच. लक्ष्मणाचं मंदिर तळ्याकाठी उभं आहे, तिथेही जाऊन या. तळ्यात बुडी मारणाऱ्यांना माझा नमस्कार. मी पाय घातले आणि ताबडतोब काढले.

गुरुद्वाऱ्याला हॉटेल समजू नका. गोविंदघाट, घांघरिया दोन्हीकडे राहायला-जेवायला पैसे मागत नाहीत, पण गर्दीत हॉलमध्ये घोंगडी पसरून झोपावं लागतं. खोली मिळाली नाही म्हणून सेवादारांवर ओरडणारे महाभाग पाहिले, त्यात दोन मराठी. तंबाखूची पुडी खालीच टाकून या. ताट स्वतः घासा, निघताना गोलकीत, म्हणजे दानपेटीत, जमेल ते टाका.

जूनमध्ये वाटेवर बर्फ असतो, जुलै-ऑगस्टमध्ये रस्ते दरडींनी बंद पडतात. ब्रह्मकमळं हवीत आणि पाऊसही थोडा कमी हवा तर सप्टेंबरचा पहिला पंधरवडा गाठा, आणि परतीच्या रेल्वे तिकिटाआधी एक मोकळा दिवस ठेवा. दरड आम्हालाही लागलीच.